चार गोळ्या, रिकाम्या पोटी

आमच्या घरात नवरात्रात दात लागू द्यायचा नाही, असा दंडक आहे. नऊ दिवस रोज सकाळी जोडीच्या दोन लवंगा पाण्याबरोबर गिळायच्या, दिवसभर पाणी प्यायचं, बस्स. लवंगसुद्धा चावायची नाही. दात लागला की उपवास मोडला आणि उपवास मोडला की देवी कोपली. हा नेम कोणी घातला, असं मी एकदा विचारलं होतं. ‘पहिल्यापासून हाय’ एवढंच उत्तर मिळालं. ज्या गोष्टीला दुसरं उत्तर नसतं, तिला आमच्याकडे हेच उत्तर असतं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मीही धरला होता. तिसऱ्या दिवशी डोक्यावरच्या हंड्यासकट अंगणात आडवी झाले. शुद्धीवर आले, उठले, चुलीपाशी गेले आणि सगळ्यांदेखत दुधात भाकरी कुस्करून खाल्ली. सासूबाई, म्हणजे कडूबाई, दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या दिवसापासून त्या मला ‘दातवाली’ म्हणतात. दातवाले, शेळी सुटली. दातवाले, पानी तापव. पंधरा वर्षं झाली. दर वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी त्या विचारतात, यंदा धरतीस का. मी नाही म्हणते. मग दुपारपर्यंत आमचं भांडण चालतं. माझं नाव राजेश्वरी. गावात मला भांडखोर म्हणतात, आणि ते खोटं नाही.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. दसरा झाला की अर्धं गाव कोयते घेऊन उसाला जातं. माझा नवरा अजिनाथ टोळीचा ट्रॅक्टर चालवतो. मी जात नाही, कारण मी गावची आशा आहे. बाळंतिणी, लसी, पोरांची वजनं, कोणाला ताप, कोणाला जुलाब. गावाला काही झालं की माझं दार वाजतं आणि बरं वाटलं की देवीचा अंगारा लागू पडलेला असतो.

सासूबाईंना दोन वर्षांपासून बीपी आहे. गोळी मीच हातावर ठेवते. पण नवरात्रात ती बंद, कारण पोटात काही नाही आणि रिकाम्या पोटी गोळी घ्यायची नाही. हा आमच्याकडचा दुसरा दंडक, पहिल्याइतकाच पक्का. ही गोळी रिकाम्या पोटी चालते, असं खुद्द पाथर्डीच्या डॉक्टरीण बाईंनी त्यांना सांगितलं होतं. सासूबाईंनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, लहान हाय पोरगी, तिला काय कळतंय.

गेल्या वर्षीच्या अष्टमीची गोष्ट. सकाळचे साडेदहा झाले असतील. देवळात होमाची तयारी चालली होती. सासूबाई आणि आणखी पाच बायका नेमाप्रमाणे सभामंडपात घटापुढे बसून होत्या. मी वरच्या आळीला एका बाळंतिणीकडे गेले होते. शेजारची पंकजा धावत आली आणि म्हणाली, आत्याबाईंची दाढ ठणकतीय, पित्त बी झालंय, तुझ्याकडं काय गोळी असली तर घेऊन ये.

दाढ आणि पित्त एकदम. मला ते ऐकूनच बरं वाटेना. मी पेटी उचलली आणि चप्पल न घालता निघाले.

सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. एक हात डाव्या जबड्यावर. कपाळावर घाम, चोळी पाठीला चिकटलेली, तोंड राखेसारखं. दाढ दुखते म्हणून कोणीतरी त्यांना लवंग दिली होती, दातात धरायला. ती त्यांनी मुठीत धरून ठेवली होती. दात लागू द्यायचा नाही ना. दुसरीनं पाण्यात सोडा घालून आणला होता. आठ दिवस पोटात काही नाही, पित्त खवळणारच, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं.

मी खाली बसून विचारलं, नक्की कुठं दुखतंय. त्यांनी जबडा दाखवला, मग गळा, मग पाठीत दोन फऱ्यांच्या मध्ये. छातीत दुखतं का, तर म्हणाल्या, दुखत न्हाई, कुनीतरी जातं ठेवलंय. मळमळ होती. केव्हापासून? तासभर तरी. एक तास ही बाई देवीपुढं गप्प बसून होती आणि पाच जणी तिच्या दाढेवर बोलत होत्या. मला त्यांचाही राग आला आणि तिचाही.

पाथर्डीच्या शिबिरात आम्हाला हेच घोकून घेतलं होतं. बाईमाणसाचं काळीज दुखायला लागलं की ते नेहमी छातीतच दुखेल असं नाही. जबडा, पाठ, घाम, मळमळ, हे दिसलं की पित्त म्हणून बसू नका. मी त्यांना तिथंच पाठीला उशी देऊन अर्धवट बसवलं, उठायचं नाही म्हणून सांगितलं आणि १०८ लावला. फोन मोठ्या आवाजावर ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल.

फोनवर एक डॉक्टर बाई आल्या. त्यांनी भराभर विचारलं: वय, कधीपासून, कसं. ऍस्पिरिननं कधी अंगावर पुरळ, दम? पोटात अल्सर? रक्ताची उलटी, काळी संडास? लकवा? रक्त पातळ करायचं दुसरं औषध? मी सगळ्याला नाही म्हणाले. आमच्या घरातलं कोणाचं काय दुखतं ते मला माझ्या हाताच्या रेषांसारखं पाठ आहे. त्या म्हणाल्या, गाडी निघतेय, पण चाळीस मिनिटं लागतील. तोवर ऍस्पिरिन तीनशे मिलिग्रॅम द्या. चावून खायला लावा. पंच्याहत्तरची असेल तर चार. गिळू देऊ नका.

माझ्या पेटीत पॅरासिटामॉल होती, ओआरएस होतं, लोहाच्या गोळ्या होत्या. ऍस्पिरिन नव्हती. मेडिकल दुकान थेट तिसगावला. आणि मग माझी नजर होमापाशी बसलेल्या आबासाहेबांच्या खिशावर गेली.

आबासाहेब माझे चुलत सासरे आणि देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. सात वर्षांपूर्वी नगरच्या डॉक्टरांनी त्यांना ऍस्पिरिन लिहून दिली. नगरचं नाव कागदावर आता अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगरच येतं. गोळी पंच्याहत्तरची, रोज एक, जेवल्यावर. ती पट्टी ते पांढऱ्या शर्टाच्या खिशात अशी ठेवतात की अर्धी बाहेर दिसावी. काळजाची गोळी हाय ही, असं ते चहाच्या टपरीवर निदान शंभरदा सांगून बसले आहेत. पुरुषांना लवंगांचा नेम नाही, त्यामुळे नवरात्रातही त्यांची गोळी चुकत नाही.

चौदा वर्षांत मी त्यांच्याशी समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते. सुनेनं चुलत सासऱ्याशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचं असलं तर मी पदर ओढून भिंतीला सांगते आणि भिंतीला सांगितलेलं ते ऐकतात. तेव्हाही सवयीनं मी आधी खांबाकडेच बघून म्हणाले, आबांच्या खिशातल्या चार गोळ्या पायजेत.

आबांनी खांबाला उत्तर दिलं. सहा वर्षं ते रोज एक घेतात, तीही पोटभर जेवल्यावर, आणि डॉक्टरनं ताकीद दिलीय की रिकाम्या पोटी घेतलीत तर आतडी जळतील. आठ दिवसांच्या उपाशी बाईला चार एकदम दिल्या तर देवळात मढं पडेल. त्यापेक्षा होम होऊ दे, अंगारा लावू, गाडी आली तर बघू. फोनवरच्या बाईनं हिला बघितलंय तरी का?

बायकांनी माना डोलावल्या. पंकजासुद्धा म्हणाली, राजे, चार लई हुतात गं.

मला काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. भीती तर होतीच. चार गोळ्या खाऊन सासूबाई माझ्या मांडीवर गेल्या असत्या तर गावानं मला जन्मभर सासूला मारणारी म्हटलं असतं. पण त्यांच्या गळ्यावरून घामाचा ओघळ खाली आला आणि मुठीतली ती लवंग जमिनीवर पडली. मी उठले. पदर खांद्यावर टाकला, आबांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले.

“आबा, रोजची गोळी येगळी आन आजची येगळी. रोज तुमी काळीज राखताय. हितं काळीज बंद पडाया लागलंय. जळली आतडी तर जळू द्या, ती मागनं बघू.”

आणि त्यांच्या खिशात हात घालून मी पट्टी काढून घेतली.  आबांचा हात खिशावर जाईपर्यंत मी सासूबाईंपाशी परत आले होते. पट्टीवरची तारीख बघितली, आकडा बघितला, चार गोळ्या तळहातावर काढल्या. पांढऱ्या, इवल्याशा, तुरीच्या दाण्यापेक्षा लहान.

सासूबाईंनी हात पुढे केला, पाण्याची वाटी उचलली आणि म्हणाल्या, दे, गिळते.

मी म्हणाले, गिळायच्या नाहीत, चावायच्या. या गोळीला वरून कवच असतं, पोटाला त्रास होऊ नये म्हणून. कवचासकट गिळली तर ती तासन्‌तास आत पडून राहते. पोटाचे लाड करायला आज वेळ नव्हता.

त्यांनी तोंड मिटलं. दम लागलेला, बोलताना दोन शब्दांत थांबावं लागत होतं, पण हेका तोच. बत्तीस वर्षांत दात लागला न्हाई. नवरा गेला त्या साली न्हाई लागला. आता अष्टमीला लावू व्हय? गोळी गिळली तर औषध, चावली तर खानं. गिळते म्हनते तर का जीव खातीस?

मी त्यांना उचलून आपटावं इतकी चिडले होते. मी म्हणाले, उपवास माझ्या नावावर मोडा, पाप मला लागू द्या. त्या म्हणाल्या, पाप असं देता येत न्हाई. उपास देता येतो.

हे खरं आहे. आमच्याकडे म्हातारीला झेपेनासं झालं की ती आपला नेम सुनेच्या ओटीत घालते आणि सून तो पुढे चालवते. सासूबाईंना त्यांच्या सासूनं असाच दिला होता. चौदा वर्षं त्यांना तो कोणाला तरी द्यायचा होता आणि मी ओटी पसरत नव्हते. आणि आता, काळजावर जातं घेऊन बसलेली ही बाई माझ्याशी सौदा करत होती. डोळ्यांत भीती होती, पण तिच्या खाली कुठेतरी लबाडीही होती, मी शपथेवर सांगते.

“धरतीस का?” त्या म्हणाल्या. “धर म्हन. मंग चावते.”

“सकाळी भाकर खाल्ली मी.”

“आत्तापासनं धर. दरसाल.”

“दरसाल न्हाई. ह्या सालचं उरल्यालं दोन दिस. पुढच्या सालचं पुढच्या साली भांडू. त्याला तुमी जित्या पायजेत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग घटापुढच्या ताटातल्या दोन लवंगा उचलल्या, माझ्या पदरात टाकल्या आणि तोंड उघडलं. मी चारी गोळ्या त्यांच्या जिभेवर ठेवल्या. बत्तीस नवरात्रांत पहिल्यांदा कडूबाईंचे दात देवीपुढे हलले. कडकड आवाज मला ऐकू आला. चेहरा आंबटढाण झाला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्या चावत राहिल्या, पार भुगा होईपर्यंत. मग मी घोटभर पाणी दिलं. फोनवरच्या डॉक्टर बाई एवढा वेळ तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, घेतल्या का, किती वाजता? मी वेळ सांगितली. अकराला तीन कमी.

गाडी अकरा एकवीसला आली. त्यातल्या डॉक्टरनं छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, एक नजर टाकली आणि पाथर्डीला न थांबता थेट नगर गाठायचं ठरवलं. करंजी घाटात सासूबाईंनी दोनदा माझा हात इतका आवळला की बांगडी फुटली. मी देवीला काही म्हणाले नाही. मी त्यांनाच म्हणत होते, मरायचं न्हाई, माझ्याशी भांडायचंय अजून.

नगरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर कागद घेऊन बाहेर आले आणि चार गोळ्या कोणी दिल्या म्हणून विचारलं. मी म्हणाले, मी दिल्या, आठ दिवसांच्या रिकाम्या पोटी, चावून. आता बोलणी बसतील म्हणून मी कंबर कसून उभी होते. ते म्हणाले, बरोबर केलंत. कागदावर त्यांनी गोळीची वेळ लिहिली आणि त्याखाली रेघ मारली. एक शीर पूर्ण बंद होती. ती त्यांनी हातातून नळी घालून उघडली. शीर गोळीनं उघडली असं मी कोणाला सांगत नाही, ती नळीनंच उघडली. पण रक्ताची गुठळी वाढत होती तेव्हा त्या सगळ्या रस्त्यात तिला अडवायला दुसरं कोणी नव्हतं, आबांच्या खिशातल्या चार गोळ्या होत्या.

आणि मी धरला. कोणाला खरं वाटणार नाही, पण शब्द म्हणजे शब्द. अष्टमीची उरलेली दुपार आणि अख्खी नवमी मी दवाखान्याच्या जिन्यापाशी बसून काढली. अजिनाथनं वडापाव आणला तेव्हा मी त्याच्यावर अशी खेकसले की तो खालच्या मजल्यावर जाऊन खाऊन आला. नवमीच्या सकाळी पदराच्या गाठीतल्या दोन लवंगा काढल्या आणि गिळल्या. घशात टोचल्या. भुकेनं डोकं भणभणत होतं आणि प्रत्येक कळेला मी सासूबाईंना मनातल्या मनात शिव्या देत होते. काचेतून बघितलं तर त्या दवाखान्याची मऊ खिचडी खात होत्या. मला बघून त्यांनी घास चावून दाखवला.

गावात काय व्हायचं ते झालंच. अष्टमीला घटापुढं दात लागला, सुनेनं थोरल्यांच्या खिशात हात घातला, आता टोळ्यांवर काही संकट आलं तर जबाबदार कोण. टोळ्या गेल्यावर, दिवाळीच्या आधी आठ दिवस, आबांनी कमिटीची बैठक बोलावली. मी देवीपुढे नाक घासून चुकीची माफी मागावी, असं ठरलं होतं. मी जाणार होते, पण नाक घासायला नाही. काय काय बोलायचं ते मी भाकरी थापताना घोकून ठेवलं होतं.

त्यातलं एकही वाक्य मला बोलू दिलं नाही. सासूबाई माझ्या आधी निघाल्या, देवळापर्यंतची पन्नास पावलं तीन ठिकाणी थांबत चालल्या आणि आबांच्या समोर बसल्या. त्या त्यांच्या भावजय, तोंडावर बोलायचा त्यांना हक्क होता.

“भावजी, उपास मोडला न्हाई. मी दिला, तिनं घेतला, तिनं पार नेला. दवाखान्यात उपाशी बसली हुती, म्या डोळ्यांनी बघितलंय. आता माझं ऐका. काळजाची गोळी हाय म्हनून साऱ्या गावाला पट्टी दावत हिंडता. मी तासभर तुमच्या म्होरं घामानं भिजत बसले, तवा ती पट्टी तुमच्याच खिशात हुती. तुमी लवंग द्या म्हनला.”

आबांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले. माफीचा विषय निघालाच नाही. मग सासूबाईंनी कनवटीची हळदीची जुनी डबी काढली आणि देवीच्या कोनाड्यात, अंगाऱ्याशेजारी ठेवली. आत एका पट्टीचा तुकडा होता, चार गोळ्यांचा. त्या बायकांना म्हणाल्या, दाढ आन पाठ आन घाम एकदम आला तर आधी हिला बोलवा, तिचा फोन लागू द्या, आन फोनवरची डॉक्टर दे म्हनली की चावा. देवीच्या म्होरं चावा. मी चावल्यात, काय बी झालं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आमच्या दारात आले. अंगणात मी एकटीच होते, आणि बोलायला भिंत शोधावी अशी दोघांनाही गरज वाटली नाही. त्यांनी हळूच विचारलं, चार ना? चावून? मी म्हणाले, व्हय, पर आधी १०८.

परवा घट बसले. त्याच्या आदल्या दिवशी सासूबाई ओसरीवर आल्या. डॉक्टरांनी त्यांना उपवास साफ बंद केला आहे, रोजची गोळी जेवल्यावर घ्यायची असते. त्यांनी भाकरी खाल्ली, गोळी गिळली, पाणी प्यायल्या आणि मांडी ठोकून माझ्यासमोर बसल्या.

“काय मंग, दातवाले. यंदा धरतीस का?”

“न्हाई.”

“मी जित्ती हाय,” त्या म्हणाल्या. “भांड.”

मी तवा उतरवून ठेवला, हात पदराला पुसले आणि भांडायला बसले.